ऐकल्याची पोच

कार्ड पोस्टाने आलं होतं, पण वरच्याच मजल्यावरून. ‘आपला आवाज ऐकला. नऊ जून, चार वर्षांपूर्वी, दुपारी तीन. शब्द न् शब्द स्पष्ट. वर्टीकर.’

ऐकलेल्या प्रत्येक आवाजाची पोच द्यायची, हा हौशी रेडिओवाल्यांचा जुना रिवाज. वर्टीकर काकांनी गच्चीवरचा टॉवर उंच केला, अँटेनाला दांड्या वाढवल्या, आणि अंतराळातल्या धुळीवर आपटून परतणारे कॉर्डलेस फोनवरचे, वॉकीटॉकीवरचे जुने आवाज त्यांना सापडू लागले. सोसायटीत सगळे आपापली कार्डं मिरवत होते.

मृण्मयीने आपलं मुठीत चुरगळलं. त्या दुपारी रेवा तीन आठवड्यांची होती. तिचं रडणं थांबेना, तेव्हा पाळण्याला लावलेल्या बेबी मॉनिटरच्या बिनतारी माइकसमोरच मृण्मयी म्हणाली होती, “मर एकदाची, म्हणजे सुटेन मी.”

रेवाला एकटं ठेवायची अजूनही तिची छाती होत नसे. तिला कडेवर घेऊनच ती गच्चीवर गेली. काका टॉवरचे बोल्ट आवळत होते.

“काका, ते हिला कधी ऐकू येईल का?”

“नाही. तो आवाज एकदाच येऊन गेला. मी टेपही केला नाही.”

“काय ऐकू येईल, आई?” रेवाने विचारलं.

मृण्मयीने तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. काकांनी पान्हा बाजूला ठेवला.

“मग कार्ड कशाला पाठवलंत?” तिने कसंबसं विचारलं.

“तू रोज दुपारी रडायचीस, ते मला तेव्हाही वर ऐकू यायचं,” काका तिच्याकडे न बघता म्हणाले. “तेव्हा पोच दिली नव्हती.”