सासऱ्यांचं पिंप

ब्रसेल्सजवळचं घर सोडून वृद्धाश्रमात जाताना माझे सासरे ओडिलॉन यांनी आंबट बिअर करायचं जुनं लाकडी पिंप मला दिलं. मी अगदीच नवशिका. पिंपाला आतून उग्र, आंबूस वास येत होता, म्हणून उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा घालून ते दोन दिवस घासलं, मगच बिअर भरली.

वर्षभराने ते चव घ्यायला आले. एक घोट घेऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि पिंपावर हात फिरवला.

"आंबट झालीच नाही, बाबा," मी ओशाळून म्हणालो. "स्वच्छतेत तर काही कसर ठेवली नव्हती."

"कळतंय. हात भरून आले असतील तुझे."



मग हळूच म्हणाले, "त्या लाकडातच विरजण होतं रे. माझ्या आजोबांनी लावलेलं."