तीसपर्यंतची आंघोळ

सकाळी सहा चाळीसला पूर्वाने बाथरूमची कडी आतून लावली. पाठोपाठ बेचा पाढा सुरू झाला.

दीपमालाने दारासमोर स्टूल ओढलं आणि मेथीची जुडी घेऊन बसली. हात मेथीत, कान आत.

मार्चमध्ये पूर्वाला आंघोळ करताना फिट आली होती. दार तोडेपर्यंत अकरा मिनिटं गेली. कपाळाला सात टाके पडले. त्यानंतर दीपमालाने कडीच काढून टाकली. सोळा वर्षांची पूर्वा चार महिने दाराला भरलेली बादली लावून आंघोळ करत होती आणि आईशी कामापुरतं बोलत होती.

गेल्या आठवड्यात तह झाला.

"कडी बसवते. पण तू आत असेपर्यंत आवाज बंद होता कामा नये."

"गाणी म्हणते ना मग."

"गाण्यात तू मध्येच थांबतेस. पाढे म्हण. दोन ते तीस. थांबलीस की मी दार तोडणार."

"आई, कात्रजच्या सर्पोद्यानात सापांवरही एवढा पहारा नसतो गं."

"त्यांना फिट येत नाही."

पूर्वा हसली नाही. दीपमालाही नाही. मार्चपासून तिला हसू येत नव्हतं आणि रडूही. गोळ्यांच्या वेळा तेवढ्या बरोबर लक्षात राहत.

पहिले काही दिवस पाढे अडखळत गेले. डोक्यावर पाणी घेताना शब्द बुडत. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीच्या जागी पूर्वा रोज सत्त्याण्णव म्हणे, मग स्वतःवरच चिडून पुन्हा एकोणतीसपासून सुरुवात करी. काल मात्र ती आपणहून म्हणाली होती, "झालेत आता पाठ. उद्यापासून तू निवांत चहा पी."

सातच्या पाढ्याला दाराची बेल वाजली. दीपमालाने दुधाची पिशवी घेतली. समोरचे दीनानाथ आपटेही त्यांच्या दारात पिशवी घ्यायला उभे होते.

"कन्येचे पाढे डक्टमधून अगदी स्पष्ट येतात हो. आम्ही गजराचं घड्याळ बंद केलं. तीसच्या पुढे जाणार असाल तर आधी कळवा."

"नाही जाणार," ती म्हणाली आणि दार लावून पुन्हा स्टुलावर बसली.

तेरा संपला. चौदा. आत पाणी पडत होतं, तरी आज एकही शब्द बुडाला नव्हता. आवाज एका पट्टीत चालला होता. सरावाने होतं, दीपमालाच्या मनात आलं.

एकवीसच्या पाढ्यात आत मग पडला. नुसता मग नसावा, बादलीही आपटली असावी. ती ताडकन उठली.

"एकवीस पंचे एकशे पाच, एकवीस सक एकशे सव्वीस..."

ती खाली बसली.

"पूर्वा, फरशी निसरडी आहे. सांभाळून."

उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं. पाढा मध्ये तोडायचा नाही, हे तिनेच ठरवून दिलं होतं.

तेवीसला, या आठवड्यात पहिल्यांदाच, ती पूर्वा आत असताना स्वयंपाकघरात गेली. मघाशी करून ठेवलेला चहा गरम करून कपात ओतला. आवाज तिथेही येत होता. चार महिन्यांत चहाची चव कळल्याचं तिला आठवत नव्हतं. आज साखर कमी पडल्याचं कळलं. कप घेऊन ती परत आली तेव्हा पंचवीस संपत होता.

सहा सत्तेचाळीसला, "सव्वीस सत्ते" म्हणून आवाज थांबला.

दीपमालाने दारावर हात ठेवला.

आत मोबाइलची रिंग वाजू लागली. कोणी उचलला नाही. पूर्ण वाजून ती बंद झाली, आणि मग पूर्वाचा आवाज त्याच पट्टीत पुढे म्हणाला, "एकशे ब्याऐंशी."