शिवलेला खिसा

श्रीपाद भाषणाला उभा राहिला, तेव्हा सगळी सभा त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याची बायको कुंदा तेवढी त्याच्या उजव्या हाताकडे.

लढाई नुकतीच थांबली होती. सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा, असं पंतप्रधानांनी रेडिओवर थोडक्यात सांगितलं होतं. रांझीला कारखान्याच्या क्वार्टरांत तेच श्रीपाद दर सोमवारी पाऊण तास सांगे. घरोघरी सिगड्या थंड राहत.

कुंदाचीही थंड राही. पण तिचे सोळा सोमवार चालू होते, सरहद्दीवरच्या धाकट्या भावासाठी, हेमचंद्रासाठी. दिवसभर निरंकार उपास आणि संध्याकाळी चुरम्याचा नैवेद्य दाखवून तो सोडायचा. "पुढाऱ्याच्याच घरातून धूर निघाला तर लोक काय म्हणतील?" असं म्हणून श्रीपादने चुरमा बंद पाडला. गेले दोन सोमवार तिने देवापुढे नुसता गुळाचा खडा ठेवला होता. व्रत मोडलं की काय, या धास्तीने तिला झोप नव्हती. हेमचंद्राचं पत्रही येत नव्हतं.

देशासाठी या घरात नेमकं उपाशी कोण राहतं, याचा जमाखर्च ती मनातल्या मनात मांडत होती. सोमवारी दुपारी स्वारीला दोन पोळ्या जास्त लागत. मंगळवारी कुडता धुताना खिशातून शेंगांची टरफलं निघत.

आज दुपारी तो कारखान्यातून जेवायला आला, तर सिगडी पेटलेलीच नव्हती.

"काहून, जेवण नाही?"

"सोमवार आहे ना!"

"अगं, तो संध्याकाळचा!"

"संध्याकाळचा देशाचा, दिवसाचा महादेवाचा. मी दोन्ही धरून राहिली. तुम्हीही धरून पाहा."

कँटीनची सोय नव्हती. सोमवारी काही तळायचं-शिजवायचं नाही, अशी शपथ कँटीनवाल्याला त्यानेच घातली होती.

आता भाषणात तिसऱ्याच वाक्याला त्याचा हात खिशाकडे गेला. सकाळी सभेच्या कुडत्यात भरून ठेवलेल्या शेंगा कापडावरून बोटांना लागत होत्या, पण खिशाचं तोंड पक्क्या टाक्यांनी शिवलेलं. त्याने बायकांच्या रांगेकडे पाहिलं. कुंदाने पदर सारखा केला.

श्रीपादचा आवाज खाली आला. "भाइयो, भूक बहुत बुरी चीज़ है," एवढंच म्हणून तो खाली बसला.

टाळ्या थांबेचनात. शेजारचे भाऊराव पुढे आले. "श्रीपादजी, आज पहिल्यांदा खरं वाटलं बरं! काय खाऊन आले होते?"

घरी येताच श्रीपादने खिडकी सताड उघडली आणि स्वतः सिगडी पेटवायला बसला.

"धूर दिसेल ना," कुंदा म्हणाली.

"दिसू दे. चुरम्याची कणीक घे. हेमचंद्राचा सोमवार आहे."

तुपाची बरणी काढता काढता तिचा हात थांबला.

"अहो, खरं सांगा. हे हेमचंद्रासाठी, का पोटासाठी?"

श्रीपाद मान खाली घालून सिगडीला जोरजोरात वारा घालत राहिला.