चौथीची परीक्षा

तरटपट्टीवर बसलेल्या मुलींत मंगळसूत्र एकटीच्याच गळ्यात होतं. बाकीच्या आठ-नऊ वर्षांच्या, प्रमोदिनीला सोळावं सरलेलं. श्यामलाबाईंनी तिला पाटीवर स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तिने 'प्र' काढला आणि पुढचं अक्षर आठवेना. मुली खुदखुदल्या. ती रडतच घरी आली.

पडवीत तिचे सासरे, भाऊ, सुपारी सोलत बसले होते. रेवदंड्याला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती.

"उद्याही जायचंय," ते मान वर न करता म्हणाले.

"मला नाही जमणार, भाऊ. एवढ्याएवढ्या मुली हसतात."

"हसू देत. शरदची अट ठाऊक आहे ना?"

अट साऱ्या घराला ठाऊक होती. वैशाखात मुंबईहून बोलावणं आलं म्हणून भाऊ एकटेच बोटीने गेले आणि पंधरवड्याने परतले. शरदला, म्हणजे प्रमोदिनीच्या नवऱ्याला, शरच्चंद्रला, कंपनीने बस्र्याच्या कचेरीत पाठवलं, म्हणाले. त्याला बोटीवर बसवूनच आलो. वर्षाने येईल, आणि बायको चौथी पास झाली तरच बिऱ्हाडाला नेईल.

"मला न विचारता पोरगा समुद्रापार धाडलात?" एवढं विचारून माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नवऱ्याशी बोलणंच टाकलं. राग निघू लागला तो सुनेवर.

शरच्चंद्रची खुशाली भाऊच सांगत. मुंबईच्या कचेरीतून कळते, म्हणत. लग्नानंतर प्रमोदिनीला नवरा लाभला होता तो जेमतेम महिनाभर. त्याचा चेहरा आठवायचा तर तिला डोळे मिटावे लागत. तरी त्याच्यासाठी ती बाराखडी गिरवत राहिली.

भाऊंना दया नव्हती. श्रावणात तिला हिंव भरलं, तर त्यांनी तिच्या डोक्यावर इरलं घातलं आणि चिखल तुडवत स्वतः शाळेत पोचवून आले. मार्गशीर्षात तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी माहेराहून, म्हसळ्याहून, तिचा भाऊराया न्यायला आला. त्याला सासऱ्यांनी अंगणाच्या बेड्यातूनच परत पाठवलं.

"वर्ष संपू दे. मग जिथे जायचं तिथे जा."

त्या दिवशी ती जेवली नाही. भाऊंचं तोंडही पाहू नये असं तिला वाटलं.

घरात तिचं वाचन ऐकायला एकटी कमळआत्या बसे. भाऊंची ही बहीण चौदाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. भादरलेल्या डोईवर तांबड्या आलवणाचा पदर, दिवसभर चुलीपुढे. प्रमोदिनी अडखळली की आत्या हळूच म्हणे, "थांबू नको गं. वाच."

संक्रांतीला भाऊंनी कासाराला बोलावून सुनेच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या भरायला लावल्या. हे काय भलतंच, म्हणून माई धुसफुसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेचं पुस्तक विहिरीत टाकलं.

प्रमोदिनी शाळेत रिकाम्या हाताने गेली. "पुस्तक कुठंय?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"विहिरीत." मग ती उभी राहिली आणि धडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवला. या वेळी कुणी हसलं नाही. घरी येऊन ती माईंना म्हणाली, "दुसरं पुस्तक आणलंय. तेही टाकलंत, तर तेही पाठ करीन." सासूपुढे तिने आवाज काढण्याची ही पहिलीच वेळ. भाऊ पडवीतून ऐकत होते.

शिमग्यानंतर एके दिवशी भागाकार सोडवताना तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून तिला बस्र्याची आठवणच आली नव्हती. तिला अपराधी वाटलं. तरी तिने पुढचं उदाहरण घेतलं.

परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले. मंगळसूत्र पाहून हसून म्हणाले, "काय बाई, शिकून काय करणार?"

"अजून शिकणार," ती म्हणाली.

ती पहिली आली. बातमी ऐकून भाऊ वाडीत निघून गेले ते दिवेलागणीपर्यंत आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "श्यामलाबाई पुण्याला निघाल्यात. तिथे बायकांची शाळा आहे, राहायची सोय आहे. त्यांच्याबरोबर जा. मास्तरीण होशील."

"पण तिकडून येणं होणार ना आता?"

"शरदचीही ना नाही."

तिला आनंद झाला. एवढा होईल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

बोट खाडीबाहेर उभी होती. कान्हा कोळ्याने होडी पाण्यात लोटली. "बसा वैनी, ओहोटी लागली हाय." श्यामलाबाई आधीच चढून बसल्या होत्या. त्यांनी प्रमोदिनीचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि तो हात सोडलाच नाही.

"भाऊ, तिकडे कळवाल ना, मी पास झाले म्हणून?"

भाऊ धोतर खोचून गुडघाभर पाण्यात आले. होडीच्या काठावर त्यांनी दोन्ही हात टेकले.

"शरद गेल्या वैशाखातच गेला, मुली. मुंबईच्या इस्पितळात, माझ्या मांडीवर. आता घरी जाऊन माईला सांगतो." त्यांनी होडीला जोर लावला. "परत येऊ नकोस. मी बोलावलं तरी येऊ नकोस."