पोथीतलं भोक

मार्कंडा गावच्या लटारूभाऊंकडे तीनशे वर्षांपूर्वीची हातानं लिहिलेली पोथी होती. चंद्रपूरहून आलेली संशोधक दिव्यानी भरदुपारी त्यांच्या ओसरीवर बसून तिची पानं मोजत होती. प्रत्येक पानाच्या मधोमध एक गोल भोक होतं.

"कसर लागली का, भाऊ?"

"कसर नाई जी. माह्या बापानं कधी हात नाई लावला इले."

शेवटचं पान उलटलं. खालच्या लाकडी फळीतही तेच भोक होतं.

फळीखाली तिनं सकाळी विकत घेतलेली वही होती. भोक वहीच्याही आरपार गेलं होतं.

तिनं वही उचलून उन्हात धरली. लटारूभाऊ वहीकडे पाहत नव्हते.

"बाई, हात दुखून राह्यला का?"

"नाही तर."

जमिनीवर तिच्या दुसऱ्या, रिकाम्या हाताची सावली पडली होती. सावलीतल्या तळव्याच्या मधोमध उन्हाचा गोल ठिपका होता.