डाव्या चाकाची गिअरबॉक्स

गेंडा या रोबोचं डावं चाक कचकन थांबलं आणि पुढच्याच क्षणी पानिपतच्या टीमच्या रोबोचा फिरता ड्रम त्याच्या तोंडावर आदळला. पोलादी पट्टी उडाली ती पिंजऱ्याच्या काचेवर फाडकन बसली. नोएडाच्या त्या कॉलेजच्या हॉलमधली चारशे पोरं आनंदाने किंचाळली. दुसऱ्याचं मोडताना बघायला काय मजा येते माणसाला!

"गिअरबॉक्स गेली," मैत्री म्हणाली. "हेरंब, बटण दाब."

हेरंबने रिमोट घट्ट धरला होता. हार मानायचं लाल बटण त्याच्या पुढ्यातच होतं. ते दाबायचा हक्क फक्त चालवणाऱ्याचा. दुसऱ्या कुणी हात लावला की टीम स्पर्धेतून बाद.

"अजून दीड मिनिट आहे."

"दीड मिनिटात भुगा होईल त्याचा! आत्ता दाबलंस तर उद्या तिसऱ्या नंबरची मॅच आहे. स्पेअर गिअरबॉक्स आहे आपल्याकडे. अर्ध्या तासात बसवते मी."

बसवलीही असती. गेंडा तिच्याच हातचा होता. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत आठ महिने खपून तिने तो जोडला होता. कपडे वाळत घालायला जागा दे म्हणून आई सांगून सांगून थकली. हेरंब नुसता चालवायचा. झकास चालवायचा, हे मात्र खरं.

ड्रम पुन्हा बसला. ठिणग्या उडाल्या, मागचं कवच उचकटलं. मग पानिपतच्या ड्रायव्हरने, वेणी घातलेल्या एका शांत पोरीने, आपला रोबो मागे घेतला आणि थांबवला.

"भैया, बटन दबा दो," ती ओरडली. "पूरा टूट जाएगा!"

आणि या शहाण्याने काय करावं? एका चाकावर गरगरत, फरफटत, गेंडा आपणहून तिच्या ड्रमवर नेऊन घातला. डावी बाजू पुढे करून. कडाड् आवाज झाला. त्याने तो परत वळवला. परत डावीच बाजू.

मैत्री त्याच्याकडे वळली.

"डावीकडेच का मार खातोयस?"

त्याने गेंडा पुन्हा ड्रमकडे ढकलला.

"हेरंब!"

"सकाळी चाक शाफ्टवर बसत नव्हतं," तो समोर बघतच पुटपुटला. टीममधल्या नऊ जणांत मराठी फक्त या दोघांना कळायची. "हातोडीने ठोकलं."

"मागून आधार न देता?"

 आधाराशिवाय ठोकलं की शाफ्ट आत सरकतो, मागची प्लेट तडकते आणि भर लढतीत गिअरचे दाते एकमेकांना खातात. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे पाठ असतं. आणि टीमच्या राजीव सरांचा नियमही सगळ्यांना पाठ होता: बंद पडलेली गिअरबॉक्स सगळ्यांदेखत उघडायची, आणि ज्याची चूक निघेल त्याने वर्षभर रोबोला हात लावायचा नाही.

"चुराच झाला तर सर उघडणार काय?" हेरंबचा आवाज रडवेला झाला. "माझं शेवटचं वर्ष आहे, यार."

ड्रम बसला. या वेळी फ्रेम वाकली. हॉल नुसता पेटला होता. याच्या कानाखाली जाळ काढावा असं मैत्रीला वाटलं, अगदी हात शिवशिवले. पण तेवढ्या वेळात आणखी एक टोला बसला असता.

"मी ठोकलं म्हणून सांगते," ती म्हणाली. "माझ्यावर घेते. पण दाब ते!"

"नक्की?"

"दाब ना!"

त्याने बटण दाबलं.

पिटमधल्या दुरुस्तीच्या टेबलावर राजीव सरांनी कापड पसरून चार स्क्रू काढले. टीम भोवती गोळा झाली. फ्रेम सरळ होण्यासारखी होती, मोटार शाबूत होती. गेंडा उद्या उभा राहणार होता. मैत्रीला तेवढ्याने हायसं वाटलं. सरांनी गिअरबॉक्सची तडकलेली प्लेट काढली आणि उजेडात धरून नीट पाहिली.

"यह ड्रम से नहीं टूटी. किसी ने ठोका है. किसने?"

मैत्रीने हेरंबकडे पाहिलं. दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता. तरी त्याने आपणहून बोलावं, एकदाच बोलावं, असं तिला फार वाटत होतं. तो बुटांकडे बघत उभा होता.

"मैंने, सर."

आता हेरंबने मान वर केली.

"मैंने सुबह मना किया था इसको, सर. मानी ही नहीं."