गेटपासून जिन्यापर्यंत

“वहिनी, एकच पाय ठेवतो. कोपऱ्यात.”

“एकही नाही.”

“अहो, स्कूटर पलीकडे राहिलीय माझी.”

“राहू दे. पळून जात नाही ती. फळीवरून जा.”

अजितने फळ्यांकडे पाहिलं. भिंतीलगत टाकल्या होत्या, गेटपासून जिन्यापर्यंत. त्यांवरून एका वेळी एकानेच जायचं होतं, समोरून कुणी येत असेल तर थांबायचं होतं. सोसायटीत हे कुणालाच जमत नव्हतं.

पद्मजा सकाळी सातपासून दोरीपाशी खुर्ची टाकून बसली होती. दादरमधली तीन मजल्यांची इमारत. आत चाळीस फुटांचा डांबरी रस्ता. खड्डे बुजवून झाले होते. भेगा तारेच्या ब्रशने खरवडून भरल्या होत्या. गाड्यांच्या तेलाचे डाग घासून धुतले होते. आज वरून सीलकोट. पातळ काळा थर, तो वाळला की दुसरा. दुसऱ्यानंतर चोवीस तास कुणी पाय टाकायचा नाही.

एवढंच. शिकल्यासवरल्या माणसांना एवढंच सांगायचं होतं.

नोटीस पहिली: कृपया दोरी ओलांडू नये.

कुरियरवाला ओलांडून गेला. पार्सलवर सही घेऊन तसाच परत आला.

नोटीस दुसरी: दोरी ओलांडू नये. “कृपया” काढून टाकले आहे.

सलोनीचा कुत्रा ओलांडून गेला. त्याच्यामागे सलोनी.

“सॉरी काकू, त्याला वाचता येत नाही.”

“तुला येतं ना?”

नोटीस तिसरी: मी इथेच बसले आहे.

काम घेतलेला वरळीचा राजरत्न दर वेळी रबरी वायपर घेऊन यायचा आणि पावलांच्या खुणा सारखी करून जायचा. आता तो हसायचाही बंद झाला होता.

“मॅडम, एवढ्यात हायवे झाला असता.”

“हायवेला सभासद नसतात.”

हे सगळं नानांसाठी चाललं होतं. नाना म्हणजे तिचे सासरे, वय एक्क्याऐंशी. तीन महिन्यांपूर्वी ते याच रस्त्यावर पडले. मनगट मोडलं. “खड्ड्यात पाय गेला,” ते म्हणाले. प्लास्टर सुटलं, पण त्यांचं संध्याकाळचं शिवाजी पार्क बंदच राहिलं. उन्मेषने, तिच्या नवऱ्याने, ब्युरोचा माणूस ठेवायचं ठरवलं. दिवसभर सोबतीला, हात धरून चालवायला. नाना दोन दिवस जेवले नाहीत.

मग पद्मजा मध्ये पडली. “दोष त्यांचा नाही, रस्त्याचा आहे. रस्ता मी करून घेते. मग ते एकटे जातील.”

“खड्डा होता म्हणून ऐकतोय तुझं,” उन्मेष म्हणाला. “दुसरं काही असतं तर एकटं खाली उतरूच दिलं नसतं.”

त्यानंतर तीन मीटिंगा. तळमजला म्हणाला, आम्हाला खड्ड्यांची सवय आहे. दुसरा मजला म्हणाला, आम्ही गाडीतून जातो. तिसरा मजला, लिफ्टचं काय झालं? पद्मजाने दारोदार फिरून सह्या घेतल्या. एका सहीसाठी दोनदा आलेपाक खाल्ला. तिला आलेपाक सोसत नाही.

आणि काल नाना. राजरत्नने विचारलं होतं, “आजोबा नेमके कुठे पडले? तिथं जरा दाबून भरतो.” नानांनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काठीने दाखवलं. गेटजवळ. तिथे भरलं. तासाभराने म्हणाले, छे, पायरीपाशी. तिथे भरलं. चार वाजता काठी जांभळाच्या झाडाखाली वळली.

“मॅडम, आजोबा पडले किती वेळा?”

“तुम्ही भरा हो,” पद्मजा खेकसली. “सगळंच भरा.”

त्यांनी सगळंच भरलं.

दुसरा थर दुपारी चारला पडला. रात्री पद्मजाने वॉचमनला खुर्चीवर बसवलं, सकाळी सातला पुन्हा स्वतः बसली. चार वाजले. राजरत्नने टाच घासून पाहिली. बूट स्वच्छ राहिला.

“सोडा आता, मॅडम.”

तिने दोरी सोडली. रस्ता सपाट, काळा, गेटपासून जिन्यापर्यंत एकसारखा. एक भेग नाही. अजित स्कूटर घेऊन त्यावरून गेला आणि अंगठा वर करून दाखवला, जणू त्यानेच केला होता. पद्मजाला रागावण्याचंही त्राण उरलं नव्हतं. तिने वर पाहून हाक मारली.

“नाना, चला! पार्कात जायचंय ना?”

नाना तयारच होते. इस्त्रीचा शर्ट, कॅनव्हासचे बूट. कठड्याला धरून खाली आले आणि शेवटच्या पायरीवर थांबले.

ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. काठी पुढे टाकली, मागे घेतली.

“आता काय झालं?” पद्मजाचा आवाज चढला. “तीन महिने लोकांच्या पाया पडलेय मी. बघा, बोट घालायला जागा नाही कुठे. आता तुम्ही पाय ठेवणार नसाल ना, तर मीच इथे आडवी पडते.”

“छान झालाय गं,” नाना म्हणाले. “फारच छान झालाय.”

गॅलरीत उन्मेष चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने बापाला हात केला. नानांनीही हात केला, हसले. मग पद्मजाचं कोपर धरून तिला जरा आडोशाला घेतलं, जिन्याखाली, वरून दिसणार नाही असं.

“एखादी तरी भेग ठेवायची होतीस.”

“का?”

“परत चक्कर आली, तर उन्मेषला काय सांगू?”